वैद्यकीय शब्द पाठ होत नाहीत, काय करू?

वाचकाचं पत्र

ताई, मी देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, अकरावी-बारावी सायन्स कणकवलीला केलं आणि आता बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की रडू येतं, एकेका पानावर कितीतरी शब्द अडतात. एका सीनियरने सांगितलं म्हणून परदेशी परीक्षांसाठी असतं तसलं ‘तीन हजार ॲडव्हान्स्ड शब्द’ देणारं पुस्तक घेतलं. रोज वीस शब्द पाठ करते, आठवड्याने दोन आठवतात. वर्गात मोठ्याने वाचताना न्युमोनियाला ‘प्न्युमोनिया’ म्हटलं आणि सगळे हसले. तेव्हापासून मी तोंडच उघडत नाही. आधी सहा महिने स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? आणि मैत्रीण म्हणते घरी मालवणी बोलणं बंद कर, तरच इंग्रजी सुधारेल. हे खरं आहे का?

— एक विद्यार्थिनी, देवगड तालुका

उत्तर

बाय, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला. मालवणी अजिबात बंद करू नकोस. घरी नाही, वॉर्डमध्ये तर नाहीच. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगते. क्लास आत्ता नको. आणि ते तीन हजार शब्दांचं पुस्तक कुणाला हवं असेल तर देऊन टाक. त्यातले शब्द निबंध लिहायला आणि परदेशी प्रवेशपरीक्षा द्यायला लागतात, किडनीचं काम समजून घ्यायला नाही. वीस शब्द घोकून दोन आठवतात यात तुझी स्मरणशक्ती कमी नाही. ए पासून झेड पर्यंत लावलेल्या यादीत एका शब्दाचा शेजारच्या शब्दाशी काही संबंधच नसतो, मग तो मनात राहणार कशाला धरून?

आता तो ‘प्न्युमोनिया’. पी-एन-ने सुरू होणारा शब्द पहिल्यांदा पाहिल्यावर कुठलाही माणूस ‘प’ उच्चारेल. शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक लोक तो ‘प’ खरोखर म्हणत असत. इंग्रजीने शब्दाच्या आरंभी तो बोलण्यातून काढला आणि लिहिण्यात ठेवला. गंमत अशी की तेच पी-एन शब्दाच्या मध्ये आले की ‘प’ ऐकू येतो: ॲप्निया, डिस्प्निया. सायकॉलॉजीतला पी मुका आहे, पापणी खाली पडते त्या टोसिसमधलाही मुकाच. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत सी-एच बहुतेकदा ‘क’ होतो, म्हणून ट्रेकिया म्हणजे श्वासनळी, क्रॉनिक म्हणजे जुनाट. असे चार-पाच नियम कळले की वाचताना जीभ अडखळत नाही. जे हसले त्यांनाही कुणीतरी एकदा सांगितलंच असणार, कारण हे ऐकल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

तुझ्या मनात एक समजूत पक्की बसली आहे आणि ती मला आधी मोडायची आहे. हे शब्द इंग्रजी आहेत, म्हणून इंग्लिश मीडियमच्या मुलींना ते येतात आणि मला येत नाहीत, असं तुला वाटतं. मुंबईत किंवा पणजीत वाढलेल्या मुलीच्या घरी जेवताना कुणी ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’ म्हणत नाही. हे शब्द जवळजवळ सगळे ग्रीक आणि लॅटिनमधून आले आहेत. 1895 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शरीरशास्त्रज्ञ जमले आणि अवयवांच्या लॅटिन नावांची एकच यादी त्यांनी मान्य केली, कारण तोवर एकाच भागाला दहा ठिकाणी दहा नावं होती. तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात सगळ्या मुली सारख्याच अनोळखी शब्दांपुढे बसलेल्या असतात. फरक एवढाच की इंग्लिश मीडियमची मुलगी न घाबरता चुकीचा उच्चार करते आणि पुढे जाते.

हे शब्द लांब दिसतात ते जोडून केलेले असतात म्हणून. कोलेसिस्टेक्टमी घे. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढून टाकणं. झाला पित्ताशय काढण्याचा शब्द. आता हे तीन तुकडे दुसरीकडे फिरव. पिशवीचा ‘सिस्ट’ मूत्राशयालाही लागतो, म्हणून त्याची दुर्बिणीतून तपासणी सिस्टोस्कोपी आणि त्याची सूज सिस्टायटिस. ‘आयटिस’ आला की दाह, मग हेपॅटायटिस, नेफ्रायटिस, अपेंडिसायटिस. ‘एक्टमी’च्या जवळचे दोन भाऊ नीट वेगळे ठेव: ‘ओटमी’ म्हणजे नुसती चीर देणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर उघडणारं तोंड करून देणं. श्वासनळीला असं तोंड करून दिलेल्या, म्हणजे ट्रेकिओस्टमी केलेल्या पेशंटची नळी तुलाच स्वच्छ करायची आहे. हे तीन प्रत्यय कळले की ऑपरेशन थिएटरची यादी वाचता येते.

अशा तुकड्यांची संख्या फार मोठी नाही. शे-दीडशे नीट आले की पहिल्या वर्षाचं पुस्तक उलगडायला लागतं. आणि त्यातले बरेच तुकडे तुला मराठी शाळेत शिकल्यामुळे आधीच ठाऊक आहेत.

ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा आहेत. कलकत्त्यात 1786 मध्ये विल्यम जोन्स या भाषा-अभ्यासकाने ते जाहीरपणे मांडलं. तू संधी आणि समास शिकली आहेस ना? ‘अ’ हा नकार स्वरापुढे ‘अन्’ होतो: अज्ञान, पण अनावश्यक. ग्रीकमध्ये अगदी हाच नियम आहे. व्यंजनापुढे ‘अ’, म्हणून श्वास थांबणं ॲप्निया. स्वरापुढे ‘अन्’, म्हणून रक्त कमी असणं ॲनिमिया. दुर्गंध, दुष्काळ यांतला ‘दुस्’ म्हणजे ग्रीक ‘डिस’: लघवीला त्रास तो डिस्युरिया, श्वासाला त्रास तो डिस्प्निया. ‘परि’ म्हणजे ‘पेरि’: परिसर, परिघ, तसं हृदयाभोवतीचं आवरण पेरिकार्डियम. ‘उपरि’ म्हणजे ‘हायपर’, वर गेलेलं. ‘उप’ म्हणजे ‘हायपो’, खालचं. आंत्र आणि एंटेरिक, दंत आणि डेंटल, पद आणि पेडल, जानु म्हणजे गुडघा आणि लॅटिन गेनू. पिकलेल्या गळवातला आपला ‘पू’ आणि ‘पायो’ हेही एकाच मुळाचे, म्हणून लघवीतून पू जाणं म्हणजे पाययुरिया. शब्द आठवायला हा आधार फार मोठा आहे. मात्र प्रत्येक सारखं ऐकू येणारं नातं खरं नसतं. पुस्तकात अर्थ पाहिल्याशिवाय आपल्या मनाने जुळवायचं नाही.

एक गोष्ट मुलींना हमखास गोंधळात टाकते. एकाच अवयवाला दोन-दोन नावं का? किडनीची धमनी रीनल आणि किडनीचा दाह नेफ्रायटिस, असं का? रीनल लॅटिन आहे, नेफ्रो ग्रीक. साधारणपणे शरीराच्या भागांची नावं लॅटिनकडून आली आणि आजारांची ग्रीककडून. त्वचेखालचं इंजेक्शन सबक्युटेनियस, पण त्वचेचा दाह डर्मटायटिस. फुप्फुसाची धमनी पल्मोनरी, पण आजार न्युमोनिया. वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिही.

आता अभ्यास कसा करायचा ते. याद्या करू नकोस, एकेक आजार घे. आणि सुरुवात तुला घरातून माहीत असलेल्या आजारापासून कर.

तुझ्याकडे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, माहीत नाही असं घर नसेल. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात काम, पायाला कुठेतरी खरचटलेलं, पाण्यात उंदरांचं नाहीतर गुरांचं मूत्र मिसळलेलं. जंतूचं नाव लेप्टोस्पायरा: लेप्टो म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळं. सूक्ष्मदर्शकात तो दिसतोही तसाच. 1886 मध्ये ॲडॉल्फ वाइल यांनी या आजाराच्या गंभीर रूपाचं वर्णन केलं, म्हणून त्याला वाइल्स डिसीज म्हणतात. आता पेशंट काय म्हणतो? ताप, आणि ‘पोटरे दुखतत’. स्नायूंचं दुखणं म्हणजे मायाल्जिया: मायो स्नायू, ॲल्जिया वेदना. डोळे लाल दिसतात, ते कंजंक्टायव्हल सफ्यूजन. मग काहींना कावीळ, ती जाँडिस किंवा इक्टेरस. यकृत मोठं लागलं तर हेपॅटोमेगाली. लघवी कमी झाली तर ऑलिगुरिया, ऑलिगो म्हणजे थोडं. प्लेटलेट उतरल्या तर थ्रॉम्बोसायटोपेनिया. तो भला मोठा शब्द फोडून बघ: थ्रॉम्बो म्हणजे गुठळी, साइट म्हणजे पेशी, पेनिया म्हणजे कमतरता. गुठळी करणाऱ्या पेशी कमी. खोकल्यातून रक्त पडलं तर हिमोप्टिसिस, आणि तेव्हा धावत डॉक्टरांना बोलवायचं.

एकाच आजारातून किती शब्द मिळाले ते मोज. हे शब्द एकमेकांना धरून आहेत, म्हणून विसरत नाहीत. एक आठवला की पुढचा येतो. असाच नंतर माकडताप घे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो ओळखला गेला, म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. दोडामार्गकडच्या लोकांना तो गेल्या काही वर्षांत चांगलाच माहीत झाला आहे. मग डायबिटीस, ब्लडप्रेशर, दमा, फुरशाचा दंश. प्रत्येक आजाराला वहीत दोन पानं दे.

आणि आता मालवणीचं. वॉर्डमध्ये एक म्हातारा मासेमार येतो असं समज. तो तुला सांगणार: ‘आडवो पडलंय की दम लागता, उठान बसलंय की बरा वाटता. पायाक सूज इली.’ हे वाक्य ज्या मुलीला नीट कळलं तिच्या हातात अर्धं निदान आलं. आडवं झाल्यावर श्वास लागणं आणि ताठ बसल्यावर बरं वाटणं याला ऑर्थोप्निया म्हणतात. ऑर्थो म्हणजे सरळ, ताठ. प्निया म्हणजे श्वास. पायाची सूज ती पेडल इडिमा. दोन्ही एकत्र आले की हृदय कमी पडतंय का, हा विचार डॉक्टरांच्या मनात आधी येतो. पण पेशंट ‘मला ऑर्थोप्निया आहे’ असं कधी सांगणार नाही. त्याने ‘दम लागता’ एवढंच म्हटलं, तर ‘केव्हा लागता? निजल्यार की चालल्यार? उशी किती घेतास?’ हे त्याला त्याच्या भाषेत विचारणारी नर्स हवी. ज्या मुलीची भाषा पेशंटला परकी वाटते तिला तो ‘होय, होय’ म्हणून गप्प राहतो. मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवताना हेच पाहिलं आहे. चांगली नोंद चांगल्या ऐकण्यातून येते, आणि ते ऐकणं पेशंटच्या बोलीतलं असतं.

म्हणून वहीच्या प्रत्येक पानाला तीन रकाने कर. पहिल्यात पेशंटचे शब्द, जसे ऐकलेस तसे, मालवणीतच: ‘घेरी येता’, ‘तोंडाक चव नाय’, ‘मुतूक जळजळता’. दुसऱ्यात पुस्तकातला शब्द, त्याचं स्पेलिंग इंग्रजी लिपीत आणि खाली देवनागरीत उच्चार. देवनागरीत उच्चार लिहायची लाज बाळगू नकोस. आपली लिपी त्यासाठी उत्तम आहे. फक्त स्पेलिंगही हाताने लिहायचं, कारण परीक्षा त्याचीच असते. तिसऱ्यात शब्दाचे तुकडे. ‘तोंडाक चव नाय’ समोर ॲनोरेक्सिया, आणि तुकडे अन् अधिक ओरेक्सिस, म्हणजे भूक नसणं. मराठी प्रतिशब्द हवा असेल तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. यकृत, वृक्क, स्वादुपिंड, धमनी हे तू दहावीपर्यंत समजून शिकली आहेस. ती समज तशीच वापरायची आहे, फक्त तिच्यावर दुसरं नाव चढवायचं आहे.

तुला वाटत असेल की गावातल्या माणसांचं बोलणं आणि जगातलं मोठं वैद्यकशास्त्र यांचा काय संबंध. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बघ. कोकणात विंचू चावून माणसं दगावत होती. घामाने भिजलेलं अंग, गार पडलेले हातपाय, मग धाप आणि फुप्फुसात पाणी, हे त्यांनी पेशंटजवळ थांबून पाहिलं आणि नोंदलं. फुप्फुसात पाणी म्हणजे पल्मोनरी इडिमा. 1982 मध्ये त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, पुढे विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध त्यांनी रुजवलं, आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शब्द लॅन्सेटचे होते, पण पाहिलेलं सगळं रायगड जिल्ह्यातलं होतं.

पाठांतराबद्दल थोडक्यात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच प्रयोगाने दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. म्हणून आज लिहिलेलं पान उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने बघ. बघ म्हणजे वाचू नकोस. मधला रकाना हाताने झाक, पेशंटचं वाक्य वाच आणि शब्द स्वतः आठवून मोठ्याने म्हण. मनातल्या मनात म्हटलेला शब्द तोंडी परीक्षेत तोंडातून निघत नाही.

काही जोड्यांची मात्र तुला भीती वाटली पाहिजे, आणि ही भीती कायम ठेव. हायपोग्लायसेमिया आणि हायपरग्लायसेमिया यांत बोलताना एका अक्षराचा फरक आहे आणि उपचार अगदी उलटे आहेत. फोनवर सांगताना नुसता शब्द सांगू नकोस, आकडा सांग: ‘शुगर 48 आहे’. 70 च्या खाली साखर म्हणजे हायपो, आणि आकडा ऐकल्यावर कुणाचाही गोंधळ होत नाही. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला त्रास. हेमिप्लेजियातला हेमि म्हणजे अर्धा, अर्ध्या अंगाचा लकवा, आणि हेमॅटेमेसिसमधला हेमॅट म्हणजे रक्त, रक्ताची उलटी. ॲबडक्शन अंगापासून दूर, ॲडक्शन अंगाकडे. इलियम तर दोन आहेत आणि ऐकायला तंतोतंत सारखे: मध्ये आय असेल तर कमरेचं हाड, ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. ई म्हणजे एंटेरिक, आतड्याचं, असं लक्षात ठेव. तोंडी ऑर्डर मिळाली की ती आहे तशी परत म्हणून दाखवायची आणि ‘बरोबर?’ असं विचारायचं. यात कमीपणा नाही, नर्सिंगची ती रीतच आहे.

औषधांच्या चिठ्ठीवरचं लॅटिनही याच निमित्ताने शिकून घे, ते अगदी सोपं आहे. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा. बिस आणि द्वि, टेर आणि त्रि, परत तेच कूळ. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर. ओडी मात्र जपून वाच: बहुतेक चिठ्ठ्यांवर तो दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर उजवा डोळा.

क्लासचं बोलू. तुला भाषण द्यायचं नाही. तुला ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची आहे, केस पेपर वाचायचा आहे आणि परीक्षेत उत्तर लिहायचं आहे. या तिन्हींत ठरावीक वाक्यं येतात. अमुक तक्रार, इतक्या दिवसांपासून, आधी असा त्रास नव्हता, हे दिलं, एवढी लघवी झाली. वॉर्डमधले जुने केस पेपर सिस्टरच्या परवानगीने वाच, त्यातल्या वाक्यांची ठेवण उतरवून घे, पेशंटचं नाव-गाव मात्र वहीत कधीच उतरवू नकोस. खोलीतल्या मैत्रिणीबरोबर रोज एका कल्पित पेशंटचं हँडओव्हर इंग्रजीत दे. सहा महिन्यांनीही वाक्य जुळत नसेल तर मग क्लासचा विचार कर, पैसे तोवर मेडिकल डिक्शनरीला ठेव. फायनलच्या मुलींकडे जुनी मिळते, दोघी-तिघींनी मिळून घेतली तरी चालेल.

वर्गात तोंड उघडण्याचं राहिलं. पुढच्या वेळी बाईंनी वाचायला सांगितलं आणि मोठा शब्द आडवा आला तर थांब आणि तुकड्यातुकड्याने म्हण: कोले, सिस्ट, एक्टमी. मग एकत्र. तोंडी परीक्षेतही अनोळखी शब्द विचारला तर गप्प बसू नकोस. ‘यात पेनिया आहे, म्हणजे कशाची तरी कमतरता. ल्युको म्हणजे पांढरं. पांढऱ्या पेशींची कमतरता असावी,’ असं म्हटलंस तर तुला शब्द घोकून नाही, समजून येतो हे परीक्षकाला तिथेच कळतं.